आधी बेरीज दाखवा

शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, व्यवस्थापन अशा विषयांत पीएचडी करणाऱ्यांनी सांख्यिकी सॉफ्टवेअर वापरावं का, वापरलं तर विकतचं की फुकटचं, आणि बाहेरच्या माणसाला पैसे देऊन ‘डेटा अ‍ॅनालिसिस’ करून घेतलं तर ते चालवून घ्यावं का, हा वाद प्राध्यापकवर्गात अधूनमधून उसळतो आणि दर वेळी त्याच वळणांनी जातो. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, एसपीएसएस हे विकतचं सांख्यिकी सॉफ्टवेअर आलं आणि संशोधकाची बुद्धी गेली. मुलं मेनूतली बटणं दाबतात, आलेले तक्ते प्रबंधात चिकटवतात आणि व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, प्रमाण विचलन म्हणजे काय असं विचारलं की मार्गदर्शकाच्या तोंडाकडे बघतात. त्यांचा उपाय ठरलेला आहे: गणितं हाताने करायला लावा. तरुण प्राध्यापक त्यावर हसतात. पाचशे जणांनी दिलेली चाळीस-चाळीस उत्तरं हाताने कोण जोडत बसणार, आणि बसलाच तर चुका कमी होतील की वाढतील? यंत्र चुकत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय ‘आर’ या फुकटच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा एक तिसरा पंथ आहे. एसपीएसएस सोडा, निम्मे आजार आपोआप बरे होतील, असं ते छातीठोकपणे सांगतात.

तिघेही नको त्या जागी खणतायत, असं माझं मत आहे. भरलेल्या प्रश्नावलीवरच्या खुणा आणि प्रबंधातल्या तक्त्यात छापलेले ‘एकूण गुण’ यांच्यामध्ये एक टप्पा असतो. कोणती विधानं उलटी मोजायची, कोरं उत्तर कसं धरायचं, बेरीज घ्यायची की सरासरी, एखादं विधान वगळायचं तर कोणत्या कारणाने, हे सगळं त्या टप्प्यात ठरतं. ते सॉफ्टवेअर ठरवत नाही, माणूस ठरवतो, आणि आपण काही ठरवतोय हे बऱ्याचदा त्याच्या ध्यानातही येत नाही. टी-टेस्ट, अ‍ॅनोव्हा, सहसंबंध अशी सांख्यिकी तंत्रं त्यानंतरची. त्यावर व्हायवात भरपूर खल होतो. पण ज्या आकड्यांवर टी-टेस्ट लावली ते आले कुठून, हे एका वाक्यात उरकलेलं असतं: ‘प्राप्त माहितीचे गुणांकन करून एसपीएसएसच्या साहाय्याने विश्लेषण करण्यात आले.’ हे वाक्य यापुढे कोणत्याही विद्यापीठाने स्वीकारू नये. ज्या आज्ञांनी गुण काढले त्या आज्ञांची फाइल प्रबंधाला जोडणं सक्तीचं व्हावं. मग ती एसपीएसएसची सिंटॅक्स असो, आरची स्क्रिप्ट असो, नाहीतर सूत्रं शाबूत ठेवलेली एक्सेलची शीट असो.

मी कशाबद्दल बोलतोय ते एका उदाहरणाने दाखवतो. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ सालची आत्मसन्मान श्रेणी आपल्याकडे सर्रास वापरली जाते. दहा विधानं, प्रत्येकाला ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशी चार उत्तरं, १ ते ४ गुण. पाच विधानं सरळ आहेत, म्हणजे एकंदरीत मी स्वतःवर समाधानी आहे, अशा धर्तीची. पाच उलटी आहेत: कधी कधी वाटतं, मी अगदीच कुचकामी आहे. उलट्या विधानांचे गुण ५ मधून वजा करून घ्यायचे असतात. आता जिचा स्वतःवर पूर्ण भरवसा आहे अशी एक विद्यार्थिनी घ्या. सरळ पाचांना ती ४ देईल, उलट्या पाचांना १. नियमाने तिचे गुण ४०. दुसरी स्वतःला कवडीमोल समजते. तिची उत्तरं बरोबर याच्या उलट, आणि नियमाने गुण १०. उलटवणं राहून गेलं तर? पहिलीची बेरीज वीस अधिक पाच, दुसरीची पाच अधिक वीस. दोघींना २५. आणि जिने काहीही न वाचता सगळीकडे ‘पूर्ण सहमत’वर खूण करून कागद परत दिला, तिला ४०. वर्गातली सर्वांत आत्मविश्वासू मुलगी तीच! गंमत अशी की उलटी विधानं श्रेणीत घातलेली असतात ती याच ‘हो ला हो’ म्हणणाऱ्यांना चाप बसावा म्हणून.

इतकी ढोबळ चूक कोण करेल, असं वाटेल. ती अगदी साध्या मार्गाने होते. एसपीएसएसमध्ये उत्तरांचे आकडे बदलायचे दोन रस्ते आहेत: त्याच स्तंभात बदला, किंवा नवा स्तंभ करून त्यात बदला. पहिला रस्ता सोपा, म्हणून बहुतेक जण तोच धरतात. पुढच्या आठवड्यात पन्नास नवीन प्रश्नावल्या भरून आल्या, त्या खाली जोडल्या आणि तीच क्रिया पुन्हा चालवली, की जुन्यांचं उलटलेलं परत सुलटं होतं आणि फक्त नव्यांचं उलटतं. पडद्यावर एकही लाल अक्षर येत नाही. फाइल बघून हे ओळखता येत नाही, कारण १ ते ४ मधले आकडे १ ते ४ मधलेच राहतात. ज्याने आज्ञा लिहून ठेवल्या असतील त्यालाच, आणि त्यालासुद्धा लक्ष दिलं तरच, हे सापडेल.

याच्या पुढची पायरी जास्त घातक, कारण ती शास्त्रशुद्ध दिसते. लेनोर रॅडलॉफ यांची १९७७ सालची नैराश्यश्रेणी वीस विधानांची आहे. गुण ० ते ६०, आणि १६ किंवा त्याहून जास्त आले की पुढची तपासणी करावी असा संकेत. वीसपैकी चार विधानं सकारात्मक आहेत, त्यांचे गुण उलटवावे लागतात. नाही उलटवले, तर विश्वसनीयतेचा तक्ता काढताना ती चार विधानं बाकीच्यांशी फटकून वागताना दिसतात. तक्त्याच्या शेवटच्या स्तंभात सॉफ्टवेअर आपणहून सांगतं की हे विधान काढलंत तर क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, एवढा वाढेल. विद्यार्थी आज्ञाधारकपणे चारही काढून टाकतो. अल्फा वाढतो, मार्गदर्शक खूश होतो, प्रबंधात ‘श्रेणीची विश्वसनीयता समाधानकारक आढळली’ असं छापून येतं. आता कमाल गुण ६० नाहीत, ४८ आहेत. १६ ची रेघ मात्र जिथल्या तिथे आहे. श्रेणी मोडली कुणी? सॉफ्टवेअरने नाही. त्याने विचारल्याचं उत्तर दिलं.

कधी कधी विधान काढणं रास्तही असतं, हे कबूल करायला हवं. रोझेनबर्गच्याच श्रेणीत ‘मला स्वतःबद्दल अधिक आदर वाटायला हवा होता’ अशा अर्थाचं एक विधान आहे. ते उलटं धरलेलं आहे. अनेक देशांतल्या अभ्यासांत ते बाकीच्या विधानांशी नीट जुळत नाही असं दिसलंय, आणि का जुळत नसावं हे मराठी माणसाला सांगायला नको; अधिक आदराची इच्छा हा इथे कमीपणाचा कबुलीजबाब ठरत नाही. ते विधान कुणी विचार करून वगळलं तर माझी तक्रार नाही. वगळलं, आणि का वगळलं, हे फाइलीत दिसलं पाहिजे.

कोऱ्या उत्तरांचं प्रकरण तर याहून वाईट आहे, कारण तिथे चूक आणि निर्णय यांच्यातली रेषाच पुसट होते. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली नऊ प्रश्नांची, प्रत्येकी ० ते ३ गुणांची. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र. समजा एका बाईंनी सात प्रश्नांची उत्तरं दिली, त्यांची बेरीज ९, आणि दोन प्रश्न कोरे सोडले. त्यातला एक शेवटचा, मरून जावंसं वाटतं का, हा. एसपीएसएसमध्ये नऊ स्तंभांची नावं अधिकच्या चिन्हाने जोडून बेरीज मागितली, तर एक जरी जागा कोरी असली तरी उत्तर कोरं येतं. बाई अभ्यासातून बाद. ‘सम’ हे फंक्शन वापरलं, तर जेवढं आहे तेवढंच जोडलं जातं, म्हणजे कोरी जागा शून्य धरली जाते. गुण ९, सौम्य. दिलेल्या सात उत्तरांची सरासरी काढून तिला नऊने गुणलं तर ११.६, म्हणजे १२. मध्यम. तीन आज्ञा, तीन निकाल, आणि तिन्ही वेळा सॉफ्टवेअरने गणित अचूक केलेलं आहे. ‘यंत्र चुकत नाही’ म्हणणाऱ्यांनी यातलं कोणतं उत्तर बरोबर ते यंत्राला विचारून दाखवावं. ते माहितीपुस्तिकेत असतं. पीएचक्यूच्या सूचनांप्रमाणे दोनपर्यंत कोऱ्या उत्तरांसाठी सरासरी भरता येते. एसएफ-३६ या आरोग्यविषयक प्रश्नावलीत एखाद्या उपश्रेणीतली निम्मी उत्तरं असली तरी चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनमान प्रश्नावलीत वीस टक्क्यांहून अधिक उत्तरं नसतील तर तो कागदच बाजूला ठेवायला सांगितलंय. दर श्रेणीचा कायदा निराळा, आणि आपल्या प्रबंधांत तो कुठला पाळला याचा पत्ता नसतो.

आणखी एक बारीक गोष्ट. पूर्वी सर्वेक्षणवाले कोऱ्या उत्तरासाठी ९ किंवा ९९ असा आकडा टाकत, अजूनही टाकतात. ९९ हा गहाळ उत्तराचा आकडा आहे हे सॉफ्टवेअरला सांगायचं राहिलं, तर बेरीज सव्वाशेच्या पुढे जाते आणि डोळ्यांत भरते. ९ मात्र लपतो. १ ते ५ च्या दहा विधानांत नऊ उत्तरं ३ आणि एक कोरं असेल, तर बेरीज ३६ येते. कमाल ५०, कुणाला संशय येत नाही.

हा फरक निव्वळ कागदावरचाही नाही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावरच्या समुपदेशनाची चाचणी झाली. २०१७ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. तिच्यात घ्यायचं कुणाला, तर पीएचक्यू-९ वर १४ पेक्षा जास्त गुण असलेल्या प्रौढांना. असा उंबरठा जिथे असतो तिथे एका कोऱ्या उत्तराचं काय केलं यावर माणूस दाराच्या आत की बाहेर हे ठरतं.

आता विरोधी बाजूचा सर्वांत विद्वान मुद्दा. मुळात ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ यांतलं अंतर ‘असहमत’ आणि ‘सहमत’ यांच्यातल्या अंतराइतकंच आहे असं कुणी सांगितलं? स्टॅन्ली स्टीव्हन्स यांनी १९४६ साली ‘सायन्स’मध्ये मापनाच्या चार पातळ्या मांडल्या. त्या हिशेबाने ही उत्तरं फक्त क्रम सांगतात. त्यांची सरासरी काढणंच गैर. मग बेरीज उघडी केली काय नि झाकली काय, बेरीजच चुकीची! आक्षेप खरा आहे आणि त्याला थातुरमातुर उत्तर देऊन चालणार नाही. पण त्याचा इतिहासही पाहा. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली आपली पद्धत मांडली तेव्हा प्रत्येक उत्तराला सांख्यिकीने काढलेलं वजन देण्याची किचकट रीत आणि सरळ १ ते ५ ची रीत त्यांनी ताडून पाहिली होती. दोन्हींचे गुण जवळजवळ शंभर टक्के जुळले. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५३ साली फुटबॉलच्या जर्सीवरच्या नंबरांची सरासरी काढणाऱ्या प्राध्यापकाची गोष्ट रचून स्टीव्हन्सपंथीयांची फिरकी घेतली. हा वाद अजून मिटलेला नाही आणि मी तो इथे मिटवायला निघालेलो नाही. एवढंच म्हणतो, की ज्यांना बेरीज मान्य नाही त्यांना दुसऱ्या पद्धतीने तपासायचं असेल, तर त्यांनाही विधानवार उत्तरं आणि गुणांकनाची फाइलच लागेल. नुसत्या ‘एकूण गुण’ या स्तंभातून कोणत्याच पंथाला काही करता येत नाही.

याच मुद्द्याची दुसरी धार मला जास्त बोचते. लिकर्टच्या अनुभवावरून असं म्हणता येतं की बारकाव्यांनी फारसा फरक पडत नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे, शेवटी सारखंच येतं. रॉबिन डॉज यांनी १९७९ साली तर दाखवून दिलं, की अंदाज बांधताना वेगवेगळ्या घटकांना काळजीपूर्वक काढलेली वजनं न देता सरसकट सारखी वजनं दिली तरी निकाल फारसा बिघडत नाही. वजनं चिठ्ठ्या टाकून निवडली तरीही तो बऱ्यापैकी टिकतो. मग माझा हा आटापिटा कशाला? कारण डॉज यांच्या त्या निष्कर्षाला एक अट आहे: प्रत्येक घटकाची दिशा बरोबर हवी. अधिकच्या जागी अधिक, उण्याच्या जागी उणे. वजन चुकलं तर निकाल किंचित हलतो. चिन्ह चुकलं तर तो उलटा होतो. आणि उलट्या विधानांचं गुणांकन म्हणजे निखळ चिन्हाचाच प्रश्न. ज्या एका गोष्टीला माफी नाही तीच आपण एका वाक्यात गुंडाळतोय.

चिन्ह चुकल्यावर काय होतं याचे दाखले मोठमोठ्या दारी सापडतात. ‘अमेरिकन जर्नल ऑफ पोलिटिकल सायन्स’मध्ये २०१२ साली व्यक्तिमत्त्व आणि राजकीय मतं यांच्या संबंधावर एक लेख आला. अमुक स्वभावाचे लोक पुराणमतवादी, तमुक स्वभावाचे उदारमतवादी, असं त्यात होतं. २०१६ साली नियतकालिकाने शुद्धिपत्र काढलं: राजकीय मतांच्या आकड्यांची दिशा नेमकी उलटी वाचली गेली होती. चार वर्षं लोक त्याचे हवाले देत होते. दुसरं उदाहरण वैद्यकातलं. फुप्फुसाच्या जुनाट विकाराने रुग्णालयात आलेल्या २४० रुग्णांवर बाल्टिमोरला एक चाचणी झाली आणि २०१८ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. घरी गेल्यावर परिचारिकांनी पाठपुरावा ठेवला तर पुन्हा भरती होण्याचं प्रमाण घटतं, असा सुखावणारा निष्कर्ष. वर्षभरात लेखकांनीच लेख मागे घेतला. रुग्णांचे दोन गट १ आणि २ अशा आकड्यांनी नोंदले होते. ते ० आणि १ करताना अदलाबदल झाली होती. प्रत्यक्षात पाठपुरावा असलेल्या गटातच भरतीचं प्रमाण जास्त होतं. ही मंडळी सांख्यिकी न शिकलेली होती का? त्यांनी फुकटचं सॉफ्टवेअर वापरलं असतं, किंवा विकतचं, तर वाचले असते का? चूक सापडली, कारण आकडे बदलण्याची आज्ञा एका फाइलीत लिहिलेली होती आणि ती पुन्हा वाचता येत होती. मेनूतून बटण दाबून ते केलं असतं तर त्या बटणाचा माग कुठे राहिला असता?

हाताने गणित करा म्हणणाऱ्यांना मी उगाच हिणवत नाही. त्यांच्या आग्रहात एक खरी गोष्ट आहे: हाताने केलेल्या गणिताची वही मागे उरायची. पण हाताचं काम स्वभावतः विश्वासू असतं ही समजूत इतिहासाला धरून नाही. नेव्हिल मॅस्कलिन यांनी इंग्लंडात नाविक पंचांग सुरू केलं, पहिलं १७६७ सालचं. चंद्राची स्थिती काढायला त्यांनी आपापल्या घरी बसून गणित करणारी माणसं, म्हणजे गणक, नेमले होते. एकाच महिन्याचं गणित दोघांनी स्वतंत्रपणे करायचं आणि तिसऱ्याने ताडून पाहायचं, अशी व्यवस्था. १७७० च्या सुमारास दोन गणक एकमेकांचं उतरवताना पकडले गेले आणि कामावरून गेले. मॅस्कलिन यांचा भरवसा हातावर कधीच नव्हता. तिसऱ्या माणसापुढे दोन्ही वह्या उघड्या असण्यावर होता. तेव्हा ज्येष्ठांना माझी एक सूचना आहे. पाचशे प्रश्नावल्या हाताने तपासायचा हट्ट सोडा. व्हायवाच्या दिवशी गठ्ठ्यातून एक भरलेली प्रश्नावली काढा, माहितीपुस्तिका समोर ठेवा आणि उमेदवाराला तिथेच कागदावर तिचे गुण काढायला सांगा. मग त्या क्रमांकापुढे फाइलीत काय आलंय ते बघा. दहा मिनिटांचं काम. उमेदवाराला आपली श्रेणी किती कळलीय हेही त्यात आपसूक कळतं.

आपल्याकडे उघड्या गणिताची परंपरा नाही असंही नाही. पंचांगाचा वाद आठवा. केरो लक्ष्मण छत्रे, लोकमान्य टिळक, व्यंकटेश बापूजी केतकर अशा माणसांनी त्यात डोकं घातलं होतं. राशिचक्राचा आरंभ कुठे मानायचा, म्हणजे रेवतीचा योगतारा कोणता धरायचा, की चित्रेपासून मोजायचं, अयनांश किती मानायचे, यावर पंथ पडले ते आजही आहेत. टिळक पंचांग पाळणाऱ्यांकडे एखाद्या वर्षी अधिक महिना निराळा येतो आणि गणपती महिनाभर आधी बसतात. पण दोन्ही घरांना ठाऊक असतं की फरक कुठे पडला. गणिताचा आरंभबिंदू जाहीर आहे. ज्याला भांडायचं त्याने आरंभबिंदूवर भांडावं. नैराश्याचं प्रमाण एका प्रबंधात तीसच्या घरात आणि दुसऱ्यात पन्नासच्या घरात आलं, तर भांडायला आपल्याकडे काय असतं?

व्यवहारातल्या अडचणींकडे वळू. ग्रामीण महाविद्यालयातल्या संशोधकाने आज्ञा लिहायला कुठे शिकायचं? फारसं शिकावं लागत नाही. एसपीएसएसच्या प्रत्येक खिडकीत ‘ओके’च्या शेजारीच ‘पेस्ट’ नावाचं बटण असतं. ‘ओके’ऐवजी ते दाबलं की मेनूतून जे निवडलं ते आज्ञेच्या रूपात लिहून मिळतं, तिथूनच ते चालवायचं आणि फाइल जपून ठेवायची. एक्सेलवाल्यांनी सूत्रं पुसून नुसते आकडे ठेवायची सवय सोडली तरी पुरे. परवान्याचा पैसा नसेल तर आर आहे, पीएसपीपी आहे. म्हणून विकतचं की फुकटचं या वादात मला रस नाही. ज्यात आज्ञा लिहून ठेवता येतात ते कोणतंही चालेल.

उत्तरदात्यांच्या गोपनीयतेचा आक्षेप मात्र वजनदार आहे. एका आश्रमशाळेतल्या चाळीस मुलींचा अभ्यास असेल, तर नाव काढून टाकलं तरी वय, इयत्ता आणि जमात एवढ्यावरून मुलगी ओळखू येते. अशी उत्तरं जगजाहीर करा असं मी म्हणणार नाही. ती परीक्षकांपुरती ठेवावीत. पण गुणांकनाच्या फाइलीत कुणाचंही उत्तर नसतं, फक्त रीत असते. ती लपवायला गोपनीयतेची सबब पुरत नाही. विकतच्या चाचण्यांचंही तसंच. मानसशास्त्रीय चाचण्या छापणाऱ्यांचं आग्रा हे जुनं केंद्र. तिथून मागवलेल्या संचातली गुणांकनाची किल्ली जाहीर करायला प्रकाशकाची मनाई असू शकते. ठीक आहे, किल्ली झाका, फाइल परीक्षकाला द्या. मात्र ज्या मापाची बेरीज कशी करायची हे वाचकाला सांगायची सोय नाही, ते माप सार्वजनिक पैशातून चाललेल्या संशोधनात इतकं सरसकट का वापरायचं, हा प्रश्न अभ्यास मंडळांनी एकदा स्वतःला विचारावा.

आणि ‘डेटा अ‍ॅनालिसिस करून मिळेल’ ही दुकानं? सिनिक मित्र म्हणतात, फाइल सक्तीची केलीत तर दुकानवाला फाइलही देईल, दोन हजार रुपये जास्त घेईल. देऊ दे. आज तो नुसते तक्ते देतो आणि त्याचा हात कुठे दिसत नाही. उद्या त्याच्या फाइली वेगवेगळ्या प्रबंधांना जोडलेल्या दिसतील. त्याच आज्ञा, त्याच क्रमाने, त्याच चुकांसकट. विद्यापीठाला दुकान शोधत फिरावं लागणार नाही.

माझ्या मागणीतला खरा कच्चा दुवा दुसरीकडे आहे, आणि तो मला नीट सांधता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याचे नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई. झालं काय? मुलं वाक्यं फिरवून टक्का खाली आणायला शिकली आणि प्रमाणपत्र जोडणं हा एक उपचार झाला. गुणांकनाच्या फाइलीचंही हेच होणार नाही कशावरून? काही प्रमाणात होईल. एक फरक आहे: साम्याचा टक्का हा नुसता आकडा आहे, तो खाली आला की काम संपलं. फाइल चालवून बघता येते. उत्तरांवर ती चालवली की प्रबंधातला तक्ता तरी येतो, नाही तर येत नाही. पण चालवणार कोण? परीक्षकाला मिळणाऱ्या मानधनात कुणी रात्र घालवावी अशी अपेक्षा चुकीची आहे. माझी आशा विद्यार्थ्यांवर आहे. रेनहार्ट आणि रोगॉफ या हार्वर्डच्या नामांकित जोडीचा सरकारी कर्जावरचा २०१० सालचा निबंध जगभरच्या अर्थमंत्र्यांनी उचलून धरला होता. त्यातल्या एक्सेल शीटच्या एका सूत्रात पाच देश सुटलेत हे २०१३ साली उघड केलं ते मॅसॅच्युसेट्सच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने, वर्गातला गृहपाठ म्हणून. लेखकांनी त्याला शीट पाठवली होती, म्हणून. आपल्या एमए, एमएडच्या मुलांना संशोधनपद्धतीच्या तासाला जुना प्रबंध आणि त्याची फाइल द्या आणि एक तक्ता पुन्हा काढायला सांगा. मार्गदर्शकाचा स्वतःचा प्रबंध असला तर अधिक बरं.

अशाने पहिल्या दोन-तीन वर्षांत बऱ्याच चुका वर येतील, आणि तिथेच खरी भीती आहे. पदवी परत घेणार का? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. फसवणूक वेगळी, बेरजेतली चूक वेगळी. ‘जामा’तल्या त्या मंडळींनी लेख मागे घेतला आणि दुरुस्त आवृत्ती त्याच नियतकालिकात छापून आणली. आपल्याकडे ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढलेल्या प्रबंधाला शुद्धिपत्र जोडण्याची रीतच रुळलेली नाही, त्यामुळे चूक कळलेल्या प्रामाणिक माणसापुढे गप्प बसण्यावाचून मार्ग उरत नाही. फाइल सक्तीची करणारा ठराव विद्या परिषदेत आणायचा असेल तर त्याच ठरावात दुसरं कलम हे असावं: पदवी मिळाल्यानंतरही संशोधकाला स्वतःहून शुद्धिपत्र जोडता येईल, ते मूळ प्रबंधाच्या पहिल्या पानाआधी दिसेल, आणि त्यावरून त्याच्या पदवीला किंवा नोकरीला बाध येणार नाही.